बिनपंखी

हिला पतंग म्हणावं, तर पंखांचा पत्ता नाही.
करंगळीच्या पेराएवढं केसाळ अंग,
काळं-करडं, विझल्या शेगडीतल्या राखेसारखं,
आणि पाठीवर आडवे पट्टे,
हळदीत बोट बुडवून कुणी घाईत ओढले असावेत तसे.
सहा पाय. तेवढ्यावर सगळं.

एप्रिलचा पहिला आठवडा.
स्कॉटलंडच्या पश्चिमेला, समुद्रात आणखी पुढे,
उयिस्ट बेटाची ही कड.
झाड म्हणून दाखवायला शाळेमागे एकच, वाकडं;
वारा त्याला सरळ उभं राहूच देत नाही.
शंखशिंपल्यांचा चुरा होऊन झालेली वाळू,
वाळूवर गवत. त्या कुरणाला इथे माखर म्हणतात.
आपल्या मखराशी त्याचं काही नातं नाही,
पण जूनमध्ये या, आणि मग बोला.
आत्ता नुसतं खुरटं, मेंढ्यांनी खरवडलेलं,
आणि मधून गेलेलं तारेचं कुंपण.

त्या कुंपणाचे खांब बदलायला एखन आलाय.
एकसष्ट खांब. तीन दिवसांचं काम.
गाडीत नवे, औषध पाजलेले, हिरवट, गुळगुळीत.
सतराव्या खांबाशी ओइरिक उभी.
फेरीबोटीची तिकीटखिडकी सोडून तिला नऊ वर्षं झाली,
आवाज अजून खिडकीतलाच.
हातात वही, गळ्यात भिंग.
"हा नको काढूस."
"कुजलाय तो."
"म्हणूनच."

संध्याकाळी तिनं त्याला थांबवून घेतलं.
ती वर येत होती, लाकडाच्या शिरेशिरेनं,
मध्येच थबकत, काही विसरल्यासारखी.
गंध सोडून बसली. बाकी काही करायचं नसतं.
आता खाणंही नाही; खाल्लं ते गेल्या जूनमध्ये.
मग अंधारातून तो आला.
त्याला पंख आहेत, पांढुरके,
ओहोटीनंतर वाळूत उरतात तशा तपकिरी रेघांचे,
आणि डोक्यावर पिसांसारख्या दोन मिशा,
ज्यांनी त्यानं हा एवढा वारा
चाळून काढला होता, तिच्यासाठी.
एखन म्हणाला, "अरे."
आणि नंतर बराच वेळ काही नाही.

ओइरिक सांगत राहिली, तिकिटं फाडावीत तसं भराभर:
भेगेत खोल अंडी. हिरवी.
मे महिन्यात अळ्या, दोऱ्याएवढ्या,
पिवळ्या रानफुलांवर, क्लोव्हरवर, मिळेल त्यावर.
जुलैत वाळूखाली कोष.
आणि मग हिवाळा, वरून मेंढ्या, वादळं, ट्रॅक्टर.
काही तर पुढच्या वसंतातही उठत नाहीत;
आणखी एक वर्ष कूस बदलून झोपतात.
"का?"
"तू दर सोमवारी वेळेवर उठतोस?"

मग त्यानं विचारलं, जे इथे सगळेच कधीतरी विचारतात:
उडता येत नाही, तर बेटावर आली कशी?
कुणी म्हणतं वाहून आलेल्या ओंडक्यावरून,
कुणी म्हणतं जुन्या गलबतांत भरलेल्या मातीतून.
ओइरिक म्हणाली, "मला माहीत नाही.
चाळीस वर्षं लोकांना बोटीत चढवलं.
कोण कशावर बसून आलं, कुणी सांगत नाही."

जुने खांब राहिले. एखननं नवे शेजारी ठोकले,
जुन्यांना तारेनं बांधलं,
आणि बिलात जास्तीची तार लावली नाही.
गावात हसले. कुंपण दुप्पट झालं म्हणाले.

पुढच्या एप्रिलला रात्री साडेनऊला फोन.
"सतरावर एक. बत्तीसवर दोन.
आणि ऐक, तुझ्या नव्या खांबावर एक आहे.
चढते. घसरते. पुन्हा चढते."
एखन जेवत होता.
ताट तसंच ठेवून तो शेडमध्ये गेला
आणि दिवा लावून
कानस शोधू लागला.